सयाजीबाग आणि पेडण्याचा किनारा

पावसाळा ओसरतो, दर्याचे गढूळ पाणी निवळते, सुरूच्या बनातून येणारा वारा कोरडा होतो आणि पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. दक्षिणेस शापोरा नदीचे मुख, उत्तरेस तेरेखोल नदीचे मुख आणि त्या दोहोंमध्ये मोर्जे, आश्वे, मांद्रे, हरमल व केरी अशी एकामागोमाग एक वसलेली गावे. माडांची सावली, रुंद वाळू, उथळ समुद्र आणि कशाचीच फारशी घाई नसलेली वस्ती, असे या पट्ट्याचे वर्णन देशोदेशी पोचलेले आहे. येणारा पाहुणा सामान खाली ठेवतो न ठेवतो तोच विचारतो, ‘येथे करण्यासारखे काय आहे?’

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर कोण देतो याला महत्त्व आहे. आज ते उत्तर बहुधा दुकानाच्या दारावर दरांसहित लिहिलेले असते. पाहुण्याने काय पाहावे, कोठे बसावे आणि किती वाजेपर्यंत कर्कश संगीत ऐकावे हे व्यापाराने ठरवून टाकले आहे. गावाने मात्र या प्रश्नाकडे स्वतःचा प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले. आमच्या मते ते पाहण्याची वेळ आली आहे. कारण पाहुण्याला आपण जे उत्तर देऊ, त्यावरच उद्याचे मांद्रे आणि उद्याचे हरमल कसे असेल हे अवलंबून राहणार आहे.

विसाव्याचा विचार एखाद्या वस्तीने कसा करावा, याचे एक उदाहरण समुद्राकाठी नव्हे तर वडोदऱ्याच्या सयाजीगंजात सापडते. गुजरातेतून गोव्याकडे येणारे अनेक प्रवासी वडोदऱ्याच्या स्थानकावर गाडीत बसतात आणि कोकण रेल्वेमार्गे आपल्याकडे उतरतात. त्या स्थानकाच्या पूर्वेचा भाग म्हणजे सयाजीगंज. मराठी वाचकाला हे नगर परके नाही. गायकवाडांच्या या राजधानीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आणि २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथेच भरले. याच सयाजीगंजात, विश्वामित्री नदीच्या काठी, सयाजीबाग आहे. जुने लोक तिला कमाटीबाग म्हणतात. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या राजवटीत, त्यांच्या हाती पूर्ण अधिकार येण्याच्याही आधी, १८७९ साली ही बाग सिद्ध झाली. विस्तार सुमारे ११३ एकर.

या बागेत लोक काय करतात? पहाटे म्हातारी माणसे फेऱ्या घालतात, दुपारी विद्यार्थी झाडाखाली पुस्तक उघडून बसतात, सायंकाळी मुले छोट्या आगगाडीसाठी हट्ट धरतात, बायका शेंगा सोलीत गप्पा मारतात. ज्याला आणखी काही हवे त्याच्यासाठी बागेतच वस्तुसंग्रहालय आहे. त्याची इमारत १८९४ साली पूर्ण झाली. तेथे समुद्रकाठच्या माणसानेही थबकून पाहावी अशी एक गोष्ट आहे : १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा, सुमारे बावीस मीटर लांबीचा. ज्या मुलाने समुद्र कधी पाहिलेला नाही, त्याला समुद्र केवढा असतो हे त्या हाडांच्या कमानीखाली उभे राहिल्यावर कळते.

येथे ध्यानात घ्यायची गोष्ट ही की हे सारे आपोआप झालेले नाही. नगराच्या मध्यभागी एवढी भूमी मोकळी ठेवावी, ती सर्वांसाठी उघडी असावी आणि रिकामा वेळ ही केवळ धनिकांची मिरास नव्हे, असे कोणीतरी ठरवावे लागले. पुढच्या प्रत्येक पिढीला ते पुन्हा ठरवावे लागले. नाहीतर शतकभरात त्या भूमीचे तुकडे पडायला कितीसा वेळ लागला असता? पेडण्याच्या किनाऱ्याला ही बाग निसर्गाने आयती दिली. ती कोणाला लावावी लागली नाही, म्हणूनच कदाचित ती राखावी लागते हेही आपल्या ध्यानी आलेले नाही.

आता पाहुण्याच्या प्रश्नाकडे वळू. करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील उत्तम ते बहुतेक विनामूल्य आहे.

प्रथम लाट. गेल्या काही वर्षांत आश्वे, मांद्रे आणि हरमल येथे फळीवर उभे राहून लाटेवरून किनाऱ्याकडे येण्याचा खेळ, म्हणजे सर्फिंग, रुजला आहे. खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातील हवाई आणि आसपासच्या बेटांवरचा. तेथे राजे आणि सामान्य जन दोघेही तो खेळत. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी या छंदाला नाके मुरडली आणि तो क्षीण झाला. पुढे हवाईचाच ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याने विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची कीर्ती जगभर नेली. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, त्याला प्रथमच स्थान मिळाले. आपल्या देशात कर्नाटकातील मुळकी आणि तामिळनाडूतील कोवलम येथे कोळ्यांची मुले या खेळात निष्णात झाली, हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

आमच्या किनाऱ्यावरची लाट नवशिक्याला सोयीची. ऑक्टोबरपासून मेपर्यंत ती बुटकी असते आणि तळ खडकाचा नसून वाळूचा असतो, त्यामुळे पडले तरी सहसा मोठी इजा होत नाही. ही लाट कोठून येते याचाही विचार करण्यासारखा आहे. दूर दक्षिणेस हिंदी महासागरात वाऱ्याने उठवलेली खळबळ हजारो मैल प्रवास करून येथे पोचते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली की तिचा पाय वाळूला अडतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. तो फुटण्याचा क्षण ओळखणे हेच या खेळाचे मर्म. त्यासाठी शिकणाऱ्याने आधी अर्धा तास काठावर बसून नुसते पाण्याकडे पाहावे लागते. मग फळीवर पालथे पडायचे, लाट पाठीशी आली की हातांनी पाणी मागे सारायचे आणि फळी उचलली गेली की एका दमात उभे राहायचे. पहिल्या दिवशी बहुतेकजण पडतात. समुद्रापुढे नम्र होण्याचा इतका निरुपद्रवी मार्ग दुसरा नसेल.

पण नम्रता हवी ती याचसाठी की समुद्र नेहमी निरुपद्रवी नसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो खवळलेला असतो आणि त्या काळात पाण्यात उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. इतर दिवसांतही फुटलेल्या लाटांचे पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने मागे ओढले जाते. त्या ओढीत सापडलेला माणूस थेट किनाऱ्याकडे पोहण्याच्या धडपडीत थकतो आणि बुडतो. त्याने किनाऱ्याला समांतर पोहावे, ओढीच्या बाहेर पडावे आणि मग काठाकडे यावे. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ सालापासून जीवरक्षक नेमलेले आहेत. त्यांनी लाल निशाण लावले असेल तेथे उतरू नये आणि मद्य घेऊन तर कोठेच उतरू नये. दरवर्षी होणारे बहुतेक शोक एवढ्याने टळतील.

दुसरी गोष्ट, पहाट. पाहुणा झोपलेला असतो त्या वेळी या किनाऱ्याचा खरा दिवस सुरू झालेला असतो. रांपण ओढताना पाहावी. होडीतून अर्धवर्तुळाकार सोडलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी काठावर ओढून आणायचे, त्याला दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागतात. म्हातारे, तरुण, शाळेला जाण्यापूर्वी आलेली मुले, सर्वांचे हात दोराला असतात. जाळे वाळूवर आले की तारले आणि बांगडे चांदीसारखे उसळतात आणि दोराला हात लावलेल्याला वाटा मिळतो. पाहुण्याने नुसती छायाचित्रे टिपण्याऐवजी विचारून दोराला हात लावावा. याच रांपणकारांनी १९७० नंतरच्या दशकात, यांत्रिक ट्रॉलर काठालगत येऊन समुद्र खरवडून नेतात म्हणून मोठे आंदोलन उभारले होते आणि १९८० साली सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा झाला तो त्या झगड्याच्या पार्श्वभूमीवर. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला दर्याला श्रीफळ वाहून नवा हंगाम मानला जातो. समुद्रालाही विसावा लागतो हे आपल्या पूर्वजांना कायद्याच्या कितीतरी आधी कळले होते.

तिसरी गोष्ट, पायी चालणे. ओहोटीच्या वेळी आश्व्याहून मांद्र्यापर्यंत ओल्या वाळूवरून जाता येते. हरमलच्या उत्तरेकडील टेकडीच्या कडेने खडकाळ पायवाट गेली आहे. ती एका लहानशा किनाऱ्यावर उतरते आणि तेथे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचे तळे आहे. खारट दर्या आणि गोडे तळे यांत जेमतेम वाळूचा एक पट्टा. हा चमत्कार नव्हे. पाठीमागच्या जांभ्या दगडाच्या टेकड्या पावसाळ्याचे पाणी पोटात धरून ठेवतात आणि झऱ्यांच्या वाटे वर्षभर थोडे थोडे सोडतात. टेकडी आहे म्हणून तळे आहे, हे तेथे पोहणाऱ्याने विसरू नये.

त्याहून पुढे केरीचा किनारा आणि तेरेखोल नदी. नदीच्या पलीकडे, उत्तर तीरावर, तेरेखोलचा किल्ला उभा आहे. सावंतवाडीकरांकडून तो १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. आत सेंट अँथनीचे लहानसे चर्च आहे. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही या किल्ल्यात शिरले आणि त्यांनी तेथे तिरंगा फडकवला. तो फार काळ टिकू दिला गेला नाही, सत्याग्रही पकडले गेले, आणि गोवा मुक्त व्हायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. किल्ल्याच्या तटावरून मावळता सूर्य पाहणाऱ्याला एवढे ठाऊक असले म्हणजे त्याच्या पाहण्याला अर्थ येतो. ज्या भूमीवर आपण निवांत बसलो आहोत ती मोकळी व्हावी म्हणून कोणीतरी हातात शस्त्र न घेता छातीचा कोट केला आहे.

चौथी गोष्ट, रात्र. कार्तिकानंतर देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि पेडण्यात व पलीकडे सिंधुदुर्गात देवळाच्या प्रांगणात दशावतारी नाटके रंगतात. लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, नट आपला चेहरा आपणच रंगवतात आणि संवाद रंगभूमीवरच जुळत जातात. आरंभी गणपती, रिद्धिसिद्धी, सरस्वती, मग संकासुराची थट्टामस्करी आणि त्यानंतर पहाटेपर्यंत चालणारे आख्यान. पखवाज, झांज आणि हार्मोनियम एवढेच वाद्यवैभव. मांडी घालून बसायची तयारी असलेल्या कोणालाही तेथे जागा आहे. भाषा न कळणारा परदेशी पाहुणाही दैत्य मारला गेला की गावकऱ्यांबरोबर टाळ्या वाजवतो.

त्याच रात्री काही मैलांवर मोर्ज्याच्या वाळूत आणखी एक नाट्य चालू असू शकते, पण त्याला प्रेक्षक आणि दिवे चालत नाहीत. थंडीच्या महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवी येथे वर येऊन वाळूत शंभराहून अधिक अंडी पुरते आणि पुन्हा समुद्रात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात आणि जिकडे उजेड अधिक तिकडे धावतात. निसर्गाच्या हिशेबात तो उजेड समुद्रावरच्या आभाळाचा; पण काठावर उपाहारगृहाचे झगझगीत दिवे असले तर ती उलट्या दिशेने जातात आणि मरतात. १९९० नंतर वन खात्याने स्थानिकांच्या मदतीने या घरट्यांची राखण सुरू केली. केंद्र सरकारच्या २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत मोर्जे, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांच्या विणीची स्थळे म्हणून नमूद आहेत. या किनाऱ्यावर रात्री दिवा मालवून गप्प बसणे, हीदेखील करण्यासारखीच गोष्ट आहे.

आता आपल्याकडे पाहू. वरील यादीतील एकेक गोष्ट तपासली तर असे दिसेल की ती कोणाच्या तरी श्रमावर किंवा संयमावर उभी आहे. रांपण गावाच्या ऐक्यावर, गोडे तळे अखंड टेकडीवर, दशावतार देवस्थानाच्या आणि प्रेक्षकांच्या निष्ठेवर, कासवे रात्रीच्या अंधारावर. ज्या संथपणाची जगभर वाहवा होते तो आळस नव्हे. दिवसाची, ऋतूची आणि व्यवहाराची एक घडी या गावांनी बसवली, तिचे ते दृश्य रूप आहे. ही घडी विसकटली तर वाळू आणि माड उरतील, पण पाहुणा ज्यासाठी येतो ते उरणार नाही.

आणि ती विसकटू लागली आहे. मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ याच पेडणे तालुक्यात आहे. तेथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. त्याने रोजगार आणला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर जमिनीचे भाव चढले, टेकड्यांवर यंत्रे चालू लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असलेल्या किनाऱ्याच्या पायवाटांवर कुंपणे दिसू लागली. भरतीच्या रेषेखालची वाळू कोणा खासगी मालकाची नाही, ती सर्वांची आहे; परंतु तिच्यापर्यंत पोचण्याची वाटच बंद झाली तर त्या हक्काचा कागदाबाहेर काय उपयोग? होडी ओढणाऱ्याने आपल्याच गावात समुद्रावर जाण्यासाठी दुसऱ्याच्या फाटकाशी परवानगी मागायची, हे दृश्य आम्हाला लाजिरवाणे वाटते.

दोष एकट्या बाहेरच्यांवर ढकलणे सोयीचे आहे, पण प्रामाणिकपणाचे नाही. जमीन विकली जाते तेव्हा खरेदीदार असतो तसा विकणाराही असतो. मुलीच्या लग्नासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी, कर्जाच्या ओझ्यासाठी ती विकणाऱ्या शेतकऱ्याला आम्ही दोष देणार नाही. त्याला दुसरा मार्ग दाखवणे हे पंचायतीचे आणि सरकारचे काम होते. पण जे केवळ लोभाने डोंगर विकतात, रात्रीच्या गोंगाटाकडे कानाडोळा करतात आणि वर संस्कृतिरक्षणाची भाषणे देतात, त्यांना मात्र जाब विचारला पाहिजे.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक किनारी पंचायतीने समुद्राकडे जाणाऱ्या पारंपरिक वाटांची नोंद करून त्या नकाशावर आणाव्यात आणि ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. विणीच्या महिन्यांत काठावरचे दिवे आणि ध्वनिक्षेपक यांबाबतचे नियम दंडाच्या भीतीने नव्हे तर गावाच्या शब्दाने पाळले जावेत. झरा ज्या टेकडीतून येतो ती टेकडी पाणवठ्याइतकीच राखीव मानावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या मुलांना पोहायला शिकवावे, लाटेवर उभे राहायला शिकवावे. आज हा खेळ शिकवणारे पुष्कळदा दुसऱ्या प्रांतांतले आणि देशांतले असतात आणि आमची मुले फळ्या वाहून नेतात. ज्या मुलांच्या आजोबांना लाट वाचता येत होती, त्या मुलांनी या विद्येत मागे का राहावे?

सयाजीगंजातील बागेचे उदाहरण आम्ही दिले ते तेथे सारे आलबेल आहे म्हणून नव्हे. बाग राखणाऱ्या त्या नगराला बागेलगतची नदी मात्र तितक्या निष्ठेने राखता आली नाही. विश्वामित्रीच्या पात्रावर आणि काठच्या ओघळींवर वस्तीचा दाब वाढत गेला आणि ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी घरांत शिरली, तिच्यासोबत मगरीही रस्त्यांवर आल्या. जे राखले ते दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावरही लोकांना सुख देत आहे; जे राखले नाही त्याने घरात येऊन जाब विचारला. पेडण्याच्या किनाऱ्याने यांतून कोणता धडा घ्यायचा हे वेगळे सांगायला नको.

‘येथे करण्यासारखे काय आहे?’ असे पाहुण्याने विचारले तर त्याला आम्ही सांगू : लाट पाहा, दोराला हात लावा, पायी चाला, रात्री दिवा मालवा. तोच प्रश्न आपण गावकऱ्यांनीही स्वतःला विचारला पाहिजे. येथे आपल्याला करण्यासारखे काय आहे? जे सर्वांचे आहे ते सर्वांचेच ठेवणे, एवढे एक काम आधी करण्यासारखे आहे. येत्या ग्रामसभेपासून त्याला आरंभ होऊ शकतो.